पहाटे वर येणारे मासे

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी अकोल्याची. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा झाडांचा फिश टँक दिवाळीपासून मी सांभाळते. तीन फुटी काच, तळाला माती आणि रेती, वर एलईडीची पट्टी, खाली कपाटात डब्याचा फिल्टर. शिवाय साखर-यीस्टची एक बाटली आहे, तिच्या नळीतून बुडबुडे पाण्यात जातात. मुलाने शिकवल्याप्रमाणे दर पंधरा दिवसांनी मी ती भरते. बारा निऑन मासे होते, सहा कोरी (तळाशी राहणारे मासे) आहेत. मार्चपर्यंत सगळं छान होतं. आता बाहेर ४४ अंश आहे आणि काचेवर चिकटवलेली तापमानाची पट्टी ३३ दाखवते. चार निऑन गेले. पहाटे पाचला उठते तेव्हा सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतात, नऊ-दहाला आपोआप खाली जातात. क्रिप्टो या पाण्यातल्या झाडाची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. दुधाच्या पिशव्यांत पाणी गोठवून मी दुपारी टँकमध्ये सोडते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. दुकानदार म्हणतो चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्या, पण किंमत ऐकून परत आले. मुलाची परीक्षा सुरू आहे, त्याला अजून काही सांगितलेलं नाही. मासे कुणाला देऊन टाकू का?

— एक आई, अकोला

उत्तर

ताई,

मासे देऊन टाकू नका. चिलरही आत्ता घेऊ नका. पण पुढचं वाचण्याआधी एक काम करून या: त्या साखर-यीस्टच्या बाटलीची नळी टँकमधून बाहेर काढा. नळी काढली की झाकण घट्ट लावून बाटली कोपऱ्यात ठेवू नका, आत वायू कोंडून ती फुटू शकते. झाकण सैल करा आणि आतलं सगळं मोरीत ओतून द्या. दिवाळीपर्यंत त्या बाटलीचं काम नाही.

हे मी इतक्या खात्रीने का सांगतो, त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. टँकचं पाणी सगळ्यांत गरम कधी असतं? संध्याकाळी सहा ते आठच्या सुमारास, कारण दिवसभराची उष्णता पाण्यात हळूहळू मुरत जाते. पहाटे पाचला ते त्यातल्या त्यात निवलेलं असतं. नुसत्या उष्णतेने मासे कासावीस झाले असते तर ते संध्याकाळी वर आले असते. तुमचे पहाटे येतात आणि दिवस वर आला की खाली जातात. म्हणजे त्यांना उष्णतेपेक्षा जास्त छळते आहे ती पाण्यातली हवा.

झाडं उजेडात प्राणवायू सोडतात, अंधारात मात्र आपल्यासारखीच तो घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे झाडांनी भरलेल्या टँकमध्ये प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. हिवाळ्यात ही तूट जाणवत नाही. उन्हाळ्यात तीन गोष्टी एकदम होतात. २४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३३ अंशांना जेमतेम ७.२. त्याच वेळी मासे, झाडं, फिल्टरमधले जिवाणू, सगळ्यांची भूक वाढते. पाणी १० अंशांनी तापलं की त्यांचा श्वास जवळपास दुप्पट होतो. आणि तिसरी गोष्ट ती बाटली, जिच्यात यीस्ट साखर खाऊन झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड तयार करतं. यीस्ट ३० ते ३५ अंशांत सर्वांत जोमात असतं. जानेवारीत जी बाटली सेकंदाला एखादा बुडबुडा द्यायची, ती मे महिन्यात धो-धो सोडते, आणि रात्री तिला थांबवणारं कुणी नसतं. दिवसा झाडं तो वायू वापरतात, रात्री तो पाण्यात साचतो. माशाच्या कल्ल्यांतून आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणंच त्यामुळे अवघड होतं.

तुम्ही बाटली वेळेवर भरत होता. मुलाने सांगितलेलं सगळं नेटाने केलंत. मुलाची रीतही चुकीची नव्हती, ती थंडीच्या दिवसांची होती. चार निऑन माझ्यामुळे गेले, असं मनाला लावून घेऊ नका.

दुसरं काम आजच संध्याकाळी: एक छोटा एअर पंप आणि दगडी बुडबुडेवाला, म्हणजे एअर स्टोन, आणा. मुलगा बहुधा म्हणाला असेल की झाडांच्या टँकमध्ये एअर स्टोन लावायचा नाही. तो बरोबर म्हणाला. बुडबुड्यांनी पाणी ढवळलं की बाटलीतून मुद्दाम घातलेला वायू उडून जातो. पण आता तो वायू आपल्याला उडवूनच लावायचा आहे. पंप चोवीस तास चालू द्या. प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या वरच्या थरातून आत जातो, बुडबुड्यांचं खरं काम तो थर सतत हलता ठेवणं हे आहे. म्हणून फिल्टरचं तोंडही थोडं वर करा, पृष्ठभागावर सारख्या लहरी उठल्या पाहिजेत. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर लाइन गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. आणि त्या खोलीत डासांचा किंवा झुरळांचा फवारा मारू नका, पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

एवढ्यावर दोन-तीन दिवसांत पहाटेचं चित्र बदलायला हवं. आता गारव्याकडे येऊ.

तुम्ही बर्फ टाकता त्याचा हिशेब सांगतो. तुमच्या तीन फुटी टँकमध्ये माती-दगड वजा जाता साधारण १३० लिटर पाणी असेल असं धरतो. एक किलो बर्फ पूर्ण वितळून टँकइतका गरम होईपर्यंत ते पाणी फार तर एक अंशाने उतरवतो. म्हणजे पाच अंश उतरवायला पाच-सहा किलो बर्फ लागेल, आणि खोली तापलेलीच असल्यामुळे रात्रीपर्यंत पाणी पुन्हा होतं तिथे. माशांना सतत ३१ अंश सोसतील, पण रोज दुपारी तीनला २८ आणि रात्री नऊला ३३ हा हेलकावा सोसत नाही. क्रिप्टोची पानं विरघळली त्यात गरमीइतकाच या हेलकाव्याचाही हात असणार. या झाडाला परिस्थितीतला अचानक बदल सहन होत नाही. बर्फ फक्त आणीबाणीला ठेवा. तोसुद्धा पिशवीत नको, झाकणाच्या बाटलीत गोठवा, बाटली पाऊणच भरून.

आता दुसरा हिशेब. तेच एक लिटर पाणी बर्फ होऊन वितळण्याऐवजी वाफ होऊन टँकवरून उडून गेलं, तर ते बर्फाच्या पाचपटींहून जास्त उष्णता सोबत घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने, आणि तुमच्या खिडकीतला कूलरही याच कारणाने चालतो. अकोल्याची मे महिन्यातली कोरडी हवा माणसाला नकोशी होते, पण टँकसाठी ती मोठी देणगी आहे. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने पाणी २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं, निदान तत्त्वतः. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला हीच मर्यादा २८ च्या पुढे असते. तिथला माणूस पंखा लावून अंश-दीड अंश मिळवतो आणि शेवटी एसीच्या खोलीकडे किंवा चिलरकडे वळतो. वऱ्हाडात तसं करायची गरज नाही.

तर टँकचं झाकण काढा. झाकण असलं की वाफ आतच कोंडते आणि सगळं मुसळ केरात. त्याजागी जुन्या मच्छरदाणीची जाळी ताणून लावा, नाहीतर मासे उडी मारून बाहेर पडतील. पाण्याची पातळी काठापासून दीड-दोन इंच खाली ठेवा. कॉम्प्युटरमध्ये असतात तसले १२ व्होल्टचे दोन पंखे अ‍ॅडॉप्टरसह इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. ते काठावर असे बसवा की वारा पाण्यावरून तिरपा सरकेल, सरळ पाण्यात आपटणार नाही. मी १२ व्होल्टवर भर देतो, कारण घरचा टेबल फॅन टँकशेजारी ठेवला आणि तो पाण्यात पडला तर जिवाशी खेळ आहे. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या टोकाला गळून पडेल, प्लगपर्यंत जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढा, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

खोलीत कूलर असेल तर आणखी चांगलं, पण थोडं समजून. कूलरची हवा गार आणि दमट असते. त्या दमटपणामुळे टँकवरचं बाष्पीभवन कमी होतं, पण खोलीच २८-२९ अंशांवर आली तर तक्रार कशाची? फक्त कूलर चालू असताना समोरची खिडकी किलकिली ठेवा, हवा पलीकडून निघून गेली पाहिजे. कूलरच्या पाण्यात फिनेल किंवा वासाची औषधं टाकू नका.

टँक कुठल्या भिंतीला आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पश्चिमेची भिंत असेल तर ती रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहते. मागच्या काचेला आणि भिंतीकडच्या बाजूला इंचभर जाडीचा थर्माकोल चिकटवा. भरलेला टँक हलवायच्या भानगडीत पडू नका, काचेचे सांधे सुटतात.

दिव्याची वेळ बदला. तुमचा दिवा बहुधा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असा असेल. तो आता संध्याकाळी सहा ते रात्री बारा करा. झाडांना सूर्याचं घड्याळ लागत नाही, सलग उजेड लागतो, आणि दिव्याची उष्णता भर दुपारच्या उष्णतेत मिसळत नाही. बाटली बंद आहे म्हणून आठ तासांऐवजी सहाच तास. वायू नसताना जास्त उजेड दिला तर काचेवर शेवाळ माजेल. दिव्याची पट्टी काचेवर टेकवलेली असेल तर वीतभर उंच टांगा. खताचे थेंब टाकत असाल तर निम्मे करा. खाणं दिवसातून एकदाच आणि दोन मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं अन्न कुजतं आणि कुजताना प्राणवायू खातं. तीच गोष्ट विरघळलेल्या पानांची, ती रोज चिमटीने वेचून काढा.

आता रोजचं पाणी. पंखे लागले की तुमच्या टँकमधून दिवसाला दोन ते चार लिटर पाणी उडेल. घाबरू नका, तेच आपल्याला हवं आहे. पण वाफ होतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे टँकमध्येच राहतात. बोअरचं जड पाणी रोज भरत राहिलात तर महिन्याभरात टँकचं पाणी खारट होत जाईल. म्हणून रोजची भर आरओच्या पिण्याच्या पाण्याची घाला. आरओच्या मागच्या नळीतून वाहून जाणारं पाणी नको, त्यात उलट क्षार जास्त असतात. एसीच्या नळीचं पाणीही नको, त्यात तांब्याचा अंश येऊ शकतो.

आठवड्याला बदलायचं पाणी वेगळं. ते कधीही दुपारी गच्चीवरच्या टाकीतून घेऊ नका. काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हात पोळेल इतकं गरम असतं, एक बादली ओतलीत तर दिवसभराची मेहनत गेली. पहाटे घ्या. त्याहून चांगलं म्हणजे टँकसाठी वेगळा माठ किंवा रांजण ठेवा. नवा असेल तर दोन-तीन दिवस पाणी भरून, ओतून मग वापरा. माठातलं पाणी एक-दोन दिवस उघडं राहिलं की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं, आणि पाणी आयतं गार मिळतं. तरीही टँकरचं किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणी असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब घालाच. एका वेळी दहा-बारा लिटरच बदला, तांब्याने हळूहळू. आठवड्यातून एकदा चाळीस लिटर बदलण्यापेक्षा तीनदा बारा लिटर बदललेलं माशांना मानवतं.

मोजणार कशाने? काचेवरची चिकटपट्टी खोलीची गरमीही पकडते, पंख्याचा वाराही. पाण्यात बुडणारा साधा काचेचा किंवा वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला आकडा वहीत लिहा. या दोन आकड्यांतलं अंतर दोन अंशांच्या आत आलं आणि संध्याकाळचा आकडा २९-३० च्या आसपास टेकला, तर आपण जिंकलो. २५ वर आणायचा हट्ट धरू नका.

सर्वांत जास्त जपायचे दिवस मे अखेरचे, वळवाचे. आभाळ भरून येतं, हवा कोंदट होते, म्हणजे पंख्यांचा जोर ओसरतो, आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते. घरात इन्व्हर्टर असेल तर फिल्टर नाही जोडला तरी चालेल, पण एअर पंप त्यावर घ्या. तो चार-पाच वॉट खातो, रात्रभर चालेल. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा पंप आणून ठेवा. तोही नसेल तर तांब्या घ्या, टँकमधलंच पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओता, पाच मिनिटं, दर अर्ध्या तासाने. हात दुखतात, पण मासे वाचतात. जुना पंचा ओला करून समोरच्या काचेला गुंडाळून ठेवला तरी अंशभर फरक पडतो.

आणि डब्याच्या फिल्टरबद्दल एक गोष्ट, माझ्या घरात घडलेली. एका रात्री सहा-सात तास लाइन गेली. सकाळी ती आली, फिल्टर आपोआप सुरू झाला, मी निश्चिंत होऊन कामाला गेलो. परत आलो तेव्हा सात कोरी तळाला आडव्या पडलेल्या. बंद डब्यात पाणी थांबलं की आतले जिवाणू काही तासांत तिथला सगळा प्राणवायू संपवतात, मरू लागतात, आणि ते सडकं पाणी फिल्टर सुरू होताच थेट टँकमध्ये येतं. तेव्हापासून लाइन दोन तासांपेक्षा जास्त गेली की मी आधी फिल्टरचा प्लग काढतो, आणि लाइन आल्यावर डब्यातलं पाणी मोरीत ओतून, स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळून मगच फिल्टर लावतो. तुम्हीही तसंच करा. स्पंज नळाखाली धुऊ नका.

चिलरबद्दल. तो वाईट नाही, पण तो टँकची उष्णता काढून तुमच्या खोलीतच फेकतो, विजेवर चालतो, आणि लाइन गेली की काही तासांत सगळं पुन्हा तापतं. ज्यांना थंड पाण्यातल्या नाजूक कोळंब्या पाळायच्या आहेत त्यांना तो लागतो. तुमच्या टँकला नाही.

माशांचं खरं सांगायचं तर निऑन हा अ‍ॅमेझॉनच्या सावलीतल्या ओहोळांचा मासा, २२ ते २६ अंशांत सुखी असणारा. उरलेले आठ आपण जगवायचा प्रयत्न करू, पण पुढच्या वर्षी मुलगा नवे मासे आणेल तेव्हा त्याला कार्डिनल टेट्रा बघायला सांगा. दिसायला निऑनचा भाऊ, लाल पट्टा पार डोक्यापर्यंत, आणि २८-२९ अंश त्याला सहज सोसतात. आपला झेब्रा दानिओही आहे, काटक आणि दिवसभर धावता. झाडांत व्हॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला ही आपल्याच देशातल्या पाण्यात वाढणारी, उन्हाळ्याला न डगमगणारी झाडं. व्हॅलिस्नेरिया तर आत्ताच आणून मागच्या काचेशी लावली तरी धरेल. मॉस तपकिरी पडलं असेल तर तेवढं कापून टाका, हिरवं टोक उरलं असेल तर ते वाचतं.

क्रिप्टोची मात्र घाई करू नका. पानं गेली म्हणजे झाड गेलं असं नाही, मुळं मातीत जिवंत असतात. दुकानात मिळणारी बहुतेक क्रिप्टो श्रीलंकेच्या जातीची असतात, पण याच कुळातली झाडं आपल्या कोकणातल्या नद्यांतही आहेत. पावसात ती पाण्याखाली असतात आणि पाणी आटलं की उघड्यावर, दगडांच्या खाचांत तग धरून राहतात. इतकं चिवट कुळ आहे हे. सडलेली पानं बुडापासून कापा, माती उकरून मुळं तपासू नका, तीन-चार आठवडे त्या कोपऱ्याकडे नुसतं बघत राहा. आधी सुईसारखं तपकिरी टोक दिसेल.

राहिला मुलगा. त्याला आजच फोन करा. पेपर झाला की तो सुट्टीला येईल, टँकमध्ये चार मासे कमी आणि झाडं गायब दिसली तर आईने हे एकटीने सोसलं याचंच त्याला जास्त वाईट वाटेल. फार लांबड नको. चार निऑन गेले, बाटली बंद केली, एअर स्टोन लावला, पंखे बसवते आहे, एवढं सांगा. कपाटात त्याने १२ व्होल्टचा एखादा जुना अ‍ॅडॉप्टर कुठे ठेवलाय, तेही विचारून घ्या.